नऊ अंगठे

"आता हेच बघा," पाहुण्यांसमोर मोबाइल उंच धरून सुकुमार मगदूम म्हणाला. "भट्टी नंबर दोन. विश्वासांक सत्त्याण्णव. म्हणजे माझ्या विभागातली दहाच्या दहा माणसं सांगतायत की भट्टी धडधाकट आहे." एवढं बोलून त्यानं स्वतःही मोबाइलकडे पाहिलं, आणि त्याची नजर आकड्याखालच्या रेघेवर अडकली.

रेघ वर चालली होती. फार नाही, रेघ ओढताना हात जरा हलावा इतकीच. पण सुकुमारनं भट्टीसमोर वीस वर्षं काढली होती आणि ती रेघ सोमवारी सकाळी अकरा वाजता तिथं असायला नको, एवढं त्याला नक्की कळत होतं. गेल्या आठवड्यात विजेच्या ज्या दाबावर भट्टी सातशे ऐंशी किलोवॅट खात होती, त्याच दाबावर आज ती साडेआठशे खात होती.

पुण्याच्या मोटार कंपनीचे तीन पाहुणे माना डोलावत होते. कारखान्याचे मालक धैर्यशील इंगवले बाजूला हसतमुखानं उभे होते. कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत साठ ओतकारखाने असतील, पण 'सांगड' नावाची संगणक यंत्रणा फक्त यांच्याकडे. ती पाहायला लांबून लोक यायचे आणि ती दाखवायचं काम सुकुमारचं, कारण ती आणली त्यानंच होती.

बिडाची भट्टी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर ती रेघ पाहून सुकुमार का दचकला ते कळणार नाही. मधोमध दीड टन वितळलेलं लोखंड, चौदाशे पन्नास अंशांवर रसरसणारं. त्याच्याभोवती तांब्याच्या नळीचं वेटोळं. विजेनं लोखंड वितळवायचं काम या वेटोळ्याचं, आणि ते स्वतः वितळू नये म्हणून त्या नळीतून सतत थंड पाणी खेळतं. म्हणजे इकडे रसरसतं लोखंड, तिकडे गार पाणी, आणि दोघांच्या मध्ये पांढऱ्या वाळूचं ठोकून बसवलेलं चार बोटं जाड अस्तर. ते रोज थोडंथोडं झिजतं. झिजलं की लोखंड वेटोळ्याजवळ सरकतं आणि भट्टी जास्त वीज ओढते. पुरतं झिजलं की लोखंड पाण्याला भेटतं. लोखंडाखाली सापडलेल्या पाण्याची एका क्षणात वाफ होते, पाण्याहून दीड हजार पटीनं फुगलेली, आणि मग भट्टी, तिचा प्लॅटफॉर्म आणि त्यावरची माणसं यांतलं काही शिल्लक राहत नाही.

म्हणून दर सोमवारी, रिकाम्या भट्टीत बॅटरी मारून कुणीतरी अस्तर पाहतं. या कारखान्यात ते अल्लाबक्ष मुजावर पाहायचे. गेली चौतीस वर्षं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मालकसुद्धा.

"साहेब," सुकुमार इंगवल्यांच्या कानाशी लागून म्हणाला, "दोन नंबर जरा बंद करू या का?"

इंगवल्यांचं हसू हललं नाही. "सत्त्याण्णव दाखवतंय ना? पाहुण्यांसमोर नको, मगदूम."

"ओढ वाढलीय."

"अस्तर आज सकाळीच चाचांनी पाहिलंय. तूच तर मघाशी दाखवलंस. का, चाचांवर विश्वास नाही?"

उत्तर सुकुमारच्या ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं.

दोन महिन्यांपूर्वी कपडे बदलायच्या खोलीत चाचांनी त्याला औषधाची पट्टी वाचायला दिली होती. अक्षरं चांगली मोठी होती. सुकुमारनं चाचांच्या डोळ्यांकडे पाहिलं तर बुबुळांवर दुधाची साय धरलेली. भट्टीच्या उजेडाबरोबर न दिसणारे उष्ण किरणही डोळ्यांत जातात. तव्यावर अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो तसं ते वर्षानुवर्षं डोळ्यातलं भिंग शिजवत राहतात. "कुनाला सांगू नगंस, सुक्या," चाचा म्हणाले होते. "या डोळ्यांवर माजी भाकरी न्हाई, पोरं मिळवती हैत. पन या डोळ्यांवर माजं नाव हाय." वयाच्या सव्विसाव्या वर्षी सुकुमारला हाताला धरून भट्टीवर चढवणारा माणूस होता हा. तोंडातून शब्द काढणार नाही, असं सुकुमारनं वचन दिलं होतं आणि आजवर पाळलं होतं.

पाहुण्यांना 'आलोच' म्हणून तो व्हरांड्यात आला आणि त्यानं सकाळचा निरोप उघडला. 'अल्लाबक्ष मुजावर. ६ वाजून ५२ मिनिटं. बोलका निरोप, १ मिनिट ३४ सेकंद.' त्याखाली ओळीनं नऊ अंगठे. पहिला सुकुमारचा, तोही सहा वाजून बावन्न मिनिटांनीच.

आता हे अंगठ्याचं प्रकरण. सांगड यायच्या आधीही या लोकांचा मोबाइलवर गट होता, सगळ्यांचे असतात तसा. सकाळी फुलं, सुविचार, कुणाच्या पोराचा वाढदिवस. मोठ्या माणसाचा निरोप आला की खाली अंगठा द्यायचा, हा अलिखित नियम. वाचो न वाचो. कोल्हापुरात मोठ्यांचा निरोप नुसता पाहून सोडून देणं म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याला पाणीसुद्धा न विचारणं. त्यात चाचांचे निरोप लांबलचक. लग्नाची आमंत्रणं द्यायला निघाल्यासारखे ते प्रत्येकाच्या घरी जाऊन यायचे आणि मग कामाचं बोलायचे. तेवढा वेळ कुणाला होता? अंगठा देऊन सगळे आदरातून मोकळे व्हायचे.

मग सांगड आली. कल्पना मोठी सुंदर होती. बिडाची एक ढेप दहा जणांना दाखवून वजनाचा अंदाज विचारा. एक जण जास्त सांगेल, एक कमी, पण दहांची सरासरी काढली तर ती खऱ्या वजनाच्या आश्चर्य वाटावं इतकी जवळ येते, कारण प्रत्येकाची चूक वेगळी असते आणि चुका एकमेकींना खोडतात. सांगड हेच करायची. प्रत्येकाच्या मोबाइलवरचं बोलणं, निरीक्षण, शंका ती ऐकायची, कुणाचं किती वेळा खरं ठरलं ते लक्षात ठेवायची, आणि साऱ्यांचा मिळून एक विश्वासांक काढायची. या हिशेबाला अट एकच असते, ती म्हणजे प्रत्येकानं ढेप स्वतः पाहिलेली हवी. पहिल्यानं मोठ्यानं वजन सांगितलं आणि बाकीच्या नऊ जणांनी माना हलवल्या, तर तुमच्याकडे दहा तोंडं जमतात आणि डोळे दोनच राहतात.

ही अट प्रशिक्षणात सांगितली होती. बंगळूरहून आलेल्या मुलीनं फळ्यावर लिहिलं होतं, 'अंगठा म्हणजे मी स्वतः पाहिलं.' विभागानं त्या फळ्याचा फोटो गटावर टाकला आणि त्यालाही नऊ अंगठे दिले.

आणखी एक गोष्ट होती. ती सुकुमारला व्हरांड्यात आत्ता आठवली. अस्तरातून वीज पाझरू लागली की भट्टी आपोआप बंद करणारा एक काटा होता. तो जरा दमट हवा झाली की उगीच भट्टी बंद पाडायचा आणि प्रत्येक वेळी पाऊण तास वाया जायचा. सांगड आल्यावर त्याचा एकट्याचा अधिकार काढून घेतला. विश्वासांक ऐंशीच्या खाली असेल तरच काट्याचं ऐकायचं असं ठरलं. "दहा माणसांचं ऐकायचं का एका काट्याचं, मगदूम?" असं इंगवल्यांनी विचारलं होतं, आणि त्या कागदावर सही सुकुमारनं केली होती.

आता मोबाइलवर काटा लालमध्ये दिसत होता आणि कुणी त्याला विचारत नव्हतं.

सुकुमारनं आपला अंगठा मागे घेतला. पडद्यावर आलं, 'मत बदलल्याची नोंद झाली. विश्वासांक ९४. आठ सहकारी आपल्याशी सहमत नाहीत. कृपया पुन्हा विचार करावा.' त्यानं घाईघाईनं लिहिलं, 'दोन नंबर बंद करा. अस्तर गेलंय.' सांगडनं ते वाचलं, तोललं आणि नम्रपणे कळवलं, 'हीट चालू असताना एकट्याच्या मतानं कामगारांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून आपला निरोप हीट संपल्यावर पोहोचवला जाईल.' एका वेळचं लोखंड वितळून बाहेर पडेपर्यंतच्या कामाला हीट म्हणतात. ही हीट संपायला अजून पंचवीस मिनिटं होती.

त्यानं पॅनेलवरच्या रणधीर खोतला फोन लावला. भट्टीवरचे फोनही सांगडच्याच हातात. 'रणधीर कामात आहेत,' असं तिनं सांगितलं. भिंतीवरचा जुना साधा फोन गेल्या दिवाळीच्या साफसफाईत काढून टाकला होता. तो काढायची सूचनाही सुकुमारचीच.

तो धावत सुटला.

साचे बनवायची शेड, वाळूचे ढीग, मग घासकामाची शेड. पाच मिनिटांची वाट त्यानं दीड मिनिटात कापली असेल. तेवढ्या वेळात त्याच्या मनात भट्टीपेक्षा चाचाच जास्त होते. तिथं जाऊन काय सांगायचं? अस्तर गेलंय म्हटलं की कुणीतरी विचारणार, चाचांना कसं दिसलं नाही? आणि मग? चौतीस वर्षांचं नाव आपल्या एका वाक्यानं जाणार, या विचारानं त्याला धावता धावता रडू येत होतं.

प्लॅटफॉर्मवर तिघं होती. काचेच्या खोक्यात रणधीर, पॅनेलसमोर. वर क्रेनच्या केबिनमध्ये रेणुका, भंगाराची बादली झुलवत. आणि भट्टीच्या तोंडाशी चाचा, लांब सळईनं लोखंडावर तरंगणारी मळी बाजूला करत, पायात जड बूट, तोंडावर निळी काच. भट्टी गुणगुणत होती. नेहमीचा सूर होता त्यापेक्षा किंचित वरचा.

"बंद कर!" सुकुमार खोक्याचं दार उघडून ओरडला. "रणधीर, बंद कर आधी!"

"का वो दादा?" रणधीरनं पडद्याकडे बोट केलं. "चौऱ्याण्णव हाय की. आनि अंगठा तुमीच काडलाय न्हवं? काय झालं, चाचांशी भांडलासा काय?"

"अस्तर गेलंय!"

"चाचांनी बघितलंय सकाळी."

"मी सांगतोय ना!" सुकुमारनं पॅनेलवरच्या लाल बटणाकडे हात नेला. रणधीरनं तो मध्येच धरला. दांडगाई म्हणून नव्हे, लाजेनं. "दादा, म्हातारं तिथं हुबं हाय. त्यानं ठीक म्हटल्यावर त्येच्या तोंडावर भट्टी बंद करायची? आधी त्यास्नी विचारा तरी. मानूस हाय ते."

तोवर गलका ऐकून चाचाच आले. काच वर केली. घामानं निथळलेला चेहरा आणि त्यात ते दुधाळ डोळे, सुकुमारच्या आवाजाच्या दिशेनं वळलेले.

"काय गा सुक्या?"

"चाचा, अस्तर गेलंय. भट्टी ओढ खातीय. काटा लालमध्ये हाय."

चाचांनी भट्टीकडे कान केला. दोन क्षण ऐकलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "आवाज मलाबी येगळा वाटला," ते हळूच म्हणाले. "पन म्हटलं, तू बघितलंयस तर आसंल ठीक."

"मी?" सुकुमारला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "बघितलं तुम्ही ना!"

"मला कुटं दिसतंय, लेका? तुला तर म्हाईत हाय. म्हनून तर निरोपात सांगितलं, कुनीतरी बघा म्हनून. नऊ अंगठं आलं म्हनून सांगड बोलली. पयला तुजा." चाचा एवढं बोलून थांबले. पुढचं बोलताना त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला. "म्हनजे तू बघितलं न्हाईस?"

 रणधीरनं सुकुमारचा हात केव्हाच सोडला होता.

चाचांनी चाचपून पॅनेल शोधलं आणि लाल बटण मुठीनं दाबलं. गुणगुण थांबली. "पानी चालू ठेव," ते रणधीरला म्हणाले, आता आवाज पुन्हा मिस्त्रीचा. "वेटोळ्याचं पानी बंद केलंस तर मेलो. आनि रेणुकीला घेऊन खाली जा. पळ!"

वीज बंद झाली तरी दीड टन लोखंड आतच होतं. ते भट्टी वाकवून खड्ड्यात ओतायला हवं, तेही जपून, कारण झटक्यानं वाकवली तर उरलंसुरलं अस्तर फुटणार. वाकवायचा दांडा भट्टीशेजारी. त्याच्यापाशी कुणीतरी उभं राहायलाच हवं होतं.

"चाचा, तुम्ही जा. मी करतो."

"तू कदी धरलायस ह्यो दांडा? वीस वर्सं नुसती बटनं दाबलीस." चाचांनी दांड्यावर हात ठेवलासुद्धा. "माजा हात हाय. तू डोळं हो. बोल."

सुकुमार त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. "झुकतीय... अजून... धार लागली. डाव्या कडेनं चाललीय, जरा थांबा. हां. आता खड्ड्यात पडतीय बरोबर. आणखी चार बोटं." पांढरट पिवळी धार खड्ड्यातल्या कोरड्या वाळूत पडत होती. उष्णतेनं पापण्यांचे केस करपल्याचा वास आला. वेटोळ्याच्या खालून कुठून तरी सुरसुर ऐकू येऊ लागली. चूल पेटताना ओल्या लाकडातून येते तशी.

"किती ऱ्हायलं?"

"चौथाई."

"वाफ दिसती?"

"दिसती."

"मग बोलत ऱ्हा, थांबू नगंस."

भट्टी जवळजवळ रिकामी झाली होती तेव्हा तो आवाज झाला. पत्र्यावर घण बसल्यासारखा. पांढऱ्या वाफेचा लोट बाजूनं फुटला, ठिणग्या उडाल्या आणि दोघंही मागे फेकले गेले. तळाशी परातभरच लोखंड उरलं होतं, म्हणून नुसता आवाज झाला. भरलेली असती तर ही गोष्ट सांगायला यांच्यातलं कुणी उरलं नसतं.

चाचांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. सुकुमारला खरचटलंही नाही.

दुपारी चारला इंगवल्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. पाहुणे गेले होते. टेबलावर एक छापील कागद होता.

"पट्टी बांधताना डॉक्टरांनी सांगितलं," इंगवले म्हणाले. "चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तुला माहीत होतं?"

सुकुमार खाली पाहत राहिला.

"बरं, नको सांगूस. हा अहवाल वाच."

त्यात चारच ओळी होत्या. अस्तर मिस्त्री अ. मुजावर यांनी आपली दृष्टी अधू झाल्याचं सहकाऱ्यांपासून लपवलं आणि अस्तराबद्दल चुकीची खात्री दिली. दुर्घटनेचं कारण हेच. सांगड यंत्रणेत दोष नाही.

"उद्या जेवणाच्या सुट्टीत हा सांगडवर टाकतो," इंगवले म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या डोळ्यांखालीही काळं आलं होतं. "विभागाचे नऊ अंगठे पडले की पुण्याला पाठवून देतो. ऑर्डर राहते, कारखाना राहतो, तूही राहतोस. चाचांना या वर्षी घरी बसायचंच होतं."

"चाचा काय म्हणाले?"

"काही नाही. मी फोन केला तर म्हणाले, 'लिहा काय लिहायचं ते. नऊ पोरं खोटं बोलली असं मी कसं म्हणू?'"

त्या रात्री सुकुमार जेवला नाही. सहा वाजून बावन्न मिनिटांचा निरोप त्यानं चार वेळा उघडला आणि चारही वेळा न ऐकता बंद केला. ऐकायची त्याला भीती वाटत होती. कुणीतरी बघा, असं चाचांनी त्यात म्हटलंय, हे त्याला आता माहीत होतं. आणखी काय म्हटलंय ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला उपाहारगृहात सगळ्यांचे डबे उघडले होते आणि एकाच वेळी सगळ्यांचे मोबाइल वाजले. वर इंगवल्यांचं नाव, खाली अहवाल. पहिला अंगठा तिसऱ्या सेकंदाला पडला. मग दुसरा. कुणाचा घास हातात तसाच होता, दुसऱ्या हातानं काम झालं. चार ओळी वाचायला लागतो तेवढाही वेळ कुणी घेतला नव्हता. पाच झाले. रणधीरनं डोळे वर न करता सहावा दिला. मालकांचा निरोप होता.

सुकुमारनंही अंगठा पडद्याजवळ नेला होता. दिला असता तर सगळं मिटलं असतं, हे तो स्वतःशी कबूल करून चुकला होता.

तो उठला. दसऱ्याच्या खंडेपूजेला गाणी लावायचा मोठा स्पीकर कोपऱ्यात पडलेला असायचा, त्याला त्यानं मोबाइल जोडला आणि कालचा निरोप सुरू केला.

"मंडळी, नमस्कार. चाचा बोलतोय," उपाहारगृहात आवाज घुमला आणि सगळ्यांच्या माना वर झाल्या. "सगळी बरी हैसा न्हवं? रनधीर, पोरीचा ताप उतरला का रं? कालच्याला तू सुट्टी मागत हुतास, ध्यानात हाय माज्या. आज दुपारनं जायाचं आसंल तर जा, पॅनेल मी संबाळतो. रेणुका, आईच्या गुडघ्याला निरगुडीचा पाला शेकून बांद, गोळ्या नगं देऊ सारख्या. सुक्या, तू काल जेवलास का न्हाई? त्वांड सुकल्यालं हुतं तुजं."

 रणधीरनं हातातली भाकरी खाली ठेवली.

"आता कामाचं. दोन नंबरात उतरून आलोय. मला अस्तर ठीक वाटतंय, पन खरं सांगतो, मला ठीक दिसंनाच झालंय. दोन म्हयनं झालं. दोनी डोळ्यांत मोतीबिंदू हाय. सुक्याला म्हाईत हाय, पन त्याला मीच गप बसीवलाय, त्याला कुनी बोल लावू नगा. लाज वाटली म्हनून आजपातुर बोललो न्हाई. काल रातभर इचार केला. म्हटलं, माज्या लाजंपायी कुनाच्या पोराचं वाईट व्हाया नगं. तवा आज समद्यांना सांगून टाकलं, बरं वाटलं जिवाला." इथं एक खोकला आला. "तर कुनीतरी बॅटरी घेऊन खाली बघा रं. उजव्या अंगाला, तळाजवळ. हाताला तितं खरखरीत लागतंय. येवस्थित बघा, आनि मगच अंगठा द्या. अंगठं आलं की मी हीट लावाय सांगतो."

स्पीकर खरखरून गप्प झाला.

सुकुमार उभाच होता. दोन महिने ज्या गोष्टीचं ओझं तो एकटा वाहत होता, जी राखायला काल तो मालकांसमोर मुका राहिला, ती चाचांनी सगळ्यांना सांगून टाकली होती. आयुष्यातलं सगळ्यात अवघड बोलणं त्या माणसानं नऊ जणांशी केलं होतं, आणि नऊ जणांनी त्याला अंगठा दाखवला होता. ते पूर्ण ऐकलं होतं फक्त सांगडनं. नऊ अंगठे येताच नऊ माणसं बॅटऱ्या घेऊन भट्टीत वाकली असं तिनं धरलं, आणि आकडा सत्त्याण्णववर नेला. माणसांच्या शब्दावर तिनं विश्वास ठेवला होता. तिला कोल्हापूर माहीत नव्हतं.

त्यानं मोबाइल काढून घेतला आणि अहवालाखाली लिहिलं, 'पहिला अंगठा माझा होता. मी अस्तर पाहिलं नव्हतं. निरोपही ऐकला नव्हता. काट्याचा अधिकार काढायच्या कागदावर सही माझी आहे. सुकुमार मगदूम.'

त्याला कुणी अंगठा दिला नाही.  मग अहवालाखालच्या अंगठ्यांचे सहाचे पाच झाले. पाचाचे तीन. थोड्या वेळानं रणधीरच्या नावावर एक ओळ उमटली, 'मी पण बघितलं नव्हतं.' तिच्याखाली रेणुकाची, 'मी क्रेनवर चढता चढता अंगठा दिला. ऐकलं नाही.' मग आणखी एक. सावकाश, एकेका बोटानं टाइप केलेल्या, चुकलेल्या, वेगवेगळ्या ओळी. सांगड आल्यापासून पहिल्यांदाच त्या विभागात प्रत्येक जण स्वतः पाहिलेलं सांगत होता.

इंगवल्यांचा फोन वाजू लागला. सुकुमारनं तो वाजू दिला. आपलं काय होणार, हे त्याला आता विचारायचं नव्हतं. त्यानं दुसरा नंबर लावला.

"कोन?" पलीकडून थकलेला आवाज आला.

"सुकुमार, चाचा. तुमचा निरोप ऐकला."

"कवा?"

"आत्ता. सगळ्यांनी."

"पुरा?"

"पुरा."

 आता चाचा रागावतील, रडतील, निदान एक शिवी तरी हासडतील, असं सुकुमारला वाटलं. शिवीच हवी होती त्याला.

"मग सांग की," चाचा म्हणाले. "रनधीरच्या पोरीचा ताप उतरला का?"